काँगचा कोरडा कालवा

आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो काउंटीत, मास्क आणि कॉरिब या दोन मोठ्या सरोवरांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर काँग हे लहानसं गाव आहे. आयरिश भाषेत त्याच्या नावाचा अर्थच 'चिंचोळी जागा'. मास्कची पातळी कॉरिबपेक्षा दहा-अकरा मीटर उंच, पण त्याचं पाणी खाली उतरतं ते जमिनीखालून. इथला खडक चुनखडीचा. पावसाच्या किंचित आम्लधर्मी पाण्यात तो विरघळतो, भेगा रुंदावतात, त्यांची भुयारं होतात. त्यांतून आलेलं पाणी काँगपाशी उफाळून वर येतं.

या पाण्याचा चोख उपयोग केला तो इथल्या मठवासीयांनी. संत फेहिन यांनी सातव्या शतकात स्थापलेला मठ बाराव्या शतकात ऑगस्टिनियन या ख्रिस्ती पंथाकडे गेला. आयर्लंडचा शेवटचा महाराजा रॉरी ओ'कॉनर याने अखेरची वर्षं इथेच काढली. 1198 मध्ये तो वारला. मठाजवळ नदीकाठी मासेमारीची एक दगडी खोली आजही उभी आहे, पंधराव्या-सोळाव्या शतकातली. दगडी चौथऱ्याखाली छोटी कमान, तिच्यातून प्रवाह वाहतो. खोलीच्या जमिनीला चौकोनी भोक. त्यातून जाळं थेट पाण्यात सोडायचं. ऊब मिळावी म्हणून शेजारी चूलही. मासा सापडला की दोरी ओढून मठाच्या स्वयंपाकघरातली घंटा वाजवत, असं गावात सांगतात.

1845 पासून बटाट्यावर करपा पडला आणि भीषण दुष्काळ आला. त्या काळात, 1848 मध्ये, दोन्ही सरोवरं जोडणारा कालवा खोदायला सुरुवात झाली. पुराचं पाणी काढायचं आणि बोटी मास्कमधून कॉरिबमार्गे गॉलवेच्या बंदरापर्यंत न्यायच्या, असा दुहेरी हेतू होता. बोटींच्या चढउतारासाठी लॉक, म्हणजे दारं लावून पाण्याची पातळी वर-खाली करता येईल असे दगडी हौद, बांधले. पण तळ त्याच सच्छिद्र चुनखडकाचा. हिवाळ्यात भूजल वर आलं की कालव्यात पाणी दिसे. उन्हाळ्यात भूजल तळाखाली गेलं की सगळं भेगांत जिरे. पाणी धरायचं तर लांबच लांब तळाला माती तुडवून अस्तर द्यावं लागलं असतं, आणि तो खर्च अवाढव्य होता. शिवाय रेल्वे पसरत होती. 1854 मध्ये जलवाहतुकीचं काम थांबवलं.

उद्घाटनालाच पाणी गडप झालं, ही हसत सांगितली जाणारी लोकप्रिय कथा मात्र खरी नाही. कालवा वाहतुकीला कधी खुलाच झाला नाही. त्यावर राबलेल्या उपाशी मजुरांची आठवण त्या हशात हरवू नये. घडीव दगडांचे ते लॉक उन्हाळ्यात आजही कोरडे दिसतात.