निम्मी पॉवर म्हणजे नेमकं काय?

"पॉवर कशाला बदलायची? वेळ कमी लावला की झालं की!" बेळगावच्या टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत ज्यांच्या ओट्यावर मायक्रोवेव्ह आहे, त्यांचं सर्वसाधारण मत हे असं. सगळं फुल पॉवरवर, मग तो चहा असो, खवा असो की गोव्याहून आणून फ्रीजरमध्ये टाकलेला बांगडा.

चहाला ते चालतं. बांगड्याची मात्र शेपटी शिजून तडतडते आणि पाठीत बर्फ तसाच राहतो.

साध्या मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये पॉवर ५० टक्के केली तरी लहरी मवाळ होत नाहीत. लहरी तयार करणारा मॅग्नेट्रॉन एकतर पूर्ण चालू असतो, नाहीतर पूर्ण बंद. निम्मी पॉवर म्हणजे तो निम्मा वेळच चालतो. कान देऊन ऐका: ताटली फिरत राहते, दिवा जळत राहतो, पण घरघर मधूनच चढते आणि उतरते. (इन्व्हर्टर मायक्रोवेव्ह खरोखरच लहरींचा जोर कमी करतो. लाइट गेल्यावर लागणाऱ्या इन्व्हर्टरशी त्याचा संबंध नाही.)

आता बर्फाकडे येऊ, कारण खरी मजा तिथे आहे. पाण्याच्या रेणूची ऑक्सिजनकडची बाजू किंचित ऋण, हायड्रोजनकडची किंचित धन. ओव्हनमधलं विद्युतक्षेत्र सेकंदाला २४५ कोटी आवर्तनं करतं. रेणू त्याच्यामागे वळू पाहतो, पण शेजारच्या रेणूंनी धरून ठेवल्यामुळे मागे पडतो, आणि या ओढाताणीत लहरींची ऊर्जा उष्णता होते. ही वारंवारता पाण्याची 'नैसर्गिक' वारंवारता आहे, असं अनेक ठिकाणी छापलेलं असतं. ते चूक आहे. खोलीच्या तापमानाला पाणी सर्वांत जास्त शोषण करतं ते याच्या सात-आठ पट वारंवारतेला. तिथे ओव्हन चालवला असता तर लहरी पदार्थाच्या पृष्ठभागाशीच संपल्या असत्या. आता त्या साधारण एक ते तीन सेंटिमीटर शिरतात. त्यापुढे उष्णता पदार्थातून हळूहळू झिरपत जाते, त्यामुळे 'आतून बाहेर शिजतं' हेही खरं नाही.

बर्फात रेणू जाळीत जखडलेले असतात. त्यांना वळताच येत नाही, म्हणून बर्फातून लहरी जवळजवळ आरपार जातात. पण शेपटीकडे थोडं पाणी सुटलं की ते अधाशासारखी ऊर्जा ओढू लागतं. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात. तेवढ्याच उष्णतेत वितळलेलं एक ग्रॅम पाणी शून्यावरून ८० अंशांवर जातं. म्हणजे मधला बर्फ फुटायच्या आत कड शिजलेली. डिफ्रॉस्टला ३० टक्क्यांच्या आसपास पॉवर ठेवतात ती यासाठी: मॅग्नेट्रॉन बंद असताना कडेची उष्णता आत पोचते.

कुंद्याची, म्हणजे खव्याच्या बेळगावी मिठाईची, अडचण वेगळी. रस्सा शंभर अंशांच्या आसपास थांबतो, कारण पुढची उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. कुंद्यात पाणी थोडं आणि साखर भरपूर, म्हणजे हा लगाम ढिला. म्हणून ३० ते ४० टक्के पॉवर आणि मधे एकदा ढवळणं. उरलेला भात ७० टक्क्यांवर, पाण्याचा हबका मारून, झाकून. पापड बिनधास्त फुलवर. ज्वारीची भाकरी तव्यावरच बरी. ओव्हनमध्ये ती मऊ होते खरी, पण निवताच चिवट.

मायक्रोवेव्हमधलं पाणी घातलेलं रोप मरतं, हा मेसेज अजूनही फिरतो. या लहरींच्या एका कणाची ऊर्जा रासायनिक बंध तोडायला लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा लाखो पटींनी कमी असते. तापवलेलं पाणी निवल्यावर पाणीच असतं. रोपाला ते उकळतं घातलं, तर गोष्ट निराळी.

आणि ओव्हनच्या मागची पट्टी वाचा. तिथे दोन आकडे असतात, उदाहरणार्थ १२०० वॅट आणि ८०० वॅट. अन्नाला मिळतात ते ८००, हेस्कॉमचं (आपल्या वीज कंपनीचं) मीटर मोजतं ते १२००. पाककृतीतल्या मिनिटांचा हिशोब लहान आकड्यावरून करायचा.