ओरडल्याने हिमस्खलन होते का?

बर्फाच्छादित डोंगरात मोठ्याने ओरडले की हिमस्खलन होते, असा समज फार जुना आहे. प्रत्यक्षात आवाजामुळे हवेत निर्माण होणारा दाब जेमतेम काही पास्कल भरतो, तर बर्फाच्या आतला कमकुवत थर मोडायला त्याच्या कित्येक पट दाब लागतो (स्फोटकांची गोष्ट वेगळी). स्कीवरून जाणाऱ्याचे वजन मात्र तेवढा दाब सहज देऊ शकते. म्हणूनच जीवघेण्या दुर्घटनांत हिमस्खलन बहुधा त्यात सापडलेल्यांच्या किंवा त्यांच्या सोबत्यांच्याच भाराने सुटते. बर्फातला असा कमकुवत थर किती भाराने तुटतो याच्या पडताळणीसाठी ३० सेंटिमीटर लांब-रुंद बर्फाचा स्तंभ चारही बाजूंनी मोकळा करून, त्यावर फावडे ठेवून मनगट, कोपर आणि खांद्यापासून क्रमाने प्रत्येकी १० थापा देतात. हाकेने न हलणारा थर कितव्या थापेला तुटतो, ते डोळ्यांनी दिसते. अर्थात, एका जागी थर टिकला म्हणून सगळा उतार सुरक्षित ठरत नाही.