वाळल्यावर टिकणारं निळं

संग्रहाच्या पेटीत टाचणीवर शंभर वर्षं असलेलं मॉर्फो फुलपाखरू आजही लखलखीत निळं दिसतं. शेजारच्या निळ्या चतुराचं अंग मात्र वाळता वाळताच काळं पडलेलं असतं. गंमत म्हणजे निळं रंगद्रव्य दोघांतही नाही. दोघांचाही रंग अतिसूक्ष्म रचनेतून येतो. हे उमगायला पावणेतीनशे वर्षं लागली, आणि त्या शोधात पाणी पुन्हा पुन्हा डोकावतं.

रॉबर्ट हुकने १६६५ च्या ‘मायक्रोग्राफिया’ या पुस्तकात नोंदवलं होतं, की मोरपीस ओलं केलं की त्याचे रंग जातात. न्यूटनने १७०४ मध्ये या रंगांचा संबंध पातळ पापुद्र्यांशी जोडला. तरी हा रंग रचनेचा की आणखी कशाचा, हा वाद मिटला नाही. प्रकाशाचा वेग मोजणारा मायकेलसन १९११ मध्येही म्हणत होता, की ही झळाळी बहुतांशी धातूसारख्या पृष्ठभागाची आहे. थोर माणसाची मोठी चूक! त्याच वर्षी मॅलॉक या संशोधकाने दाखवलं, की पंखावरचे खवले दाबले की रंग नाहीसा होतो. रंगद्रव्य नुसतं दाबल्याने कशाला जाईल? १९२० च्या दशकात क्लाइड मेसन या संशोधकाने असेच प्रयोग चिकाटीने केले, आणि १९४२ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मॉर्फोच्या खवल्यांची घडणच दिसली: कायटिनचे, म्हणजे कीटकांचं कवच ज्याचं बनतं त्या पदार्थाचे थर, मधे हवा.

टिकाऊपणाचं कारण इथेच आहे. खवला मुळातच निर्जीव आणि कोरडा असतो; त्यात वाळण्यासारखं काही उरलेलं नसतं. अल्कोहोलचा थेंब टाकला तर हवेची जागा द्रव घेतो, निळा हिरवा होतो, आणि थेंब उडाला की पुन्हा निळा. चतुराची रंग देणारी सूक्ष्म गोलकं मात्र त्वचेखालच्या जिवंत पेशींत असतात. पेशी कुजल्या की रंग संपला.

सोनेरी कासव-भुंगेऱ्यांनी संग्राहकांना सर्वांत जास्त चकवलं. त्यांचं सोनं कवचाच्या थरांतल्या ओलाव्यावर उभं असतं, त्यामुळे पेटीत उरतो तो तांबूस-तपकिरी किडा. हर्क्युलस भुंगेऱ्याचं नेमकं उलट: कोरडा असताना पिवळसर हिरवा, दमट हवेत काळा.

जर्मनीतल्या मेसेलच्या सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीच्या भुंगेऱ्यांच्या जीवाश्मांतही रंग देणारे थर शाबूत आहेत, फक्त रंगछटा मूळची राहिलेली नाही. हे जीवाश्म वाळले की तडकतात, म्हणून ते ग्लिसरिनमध्ये ठेवतात.