खुडूक कोंबडीच्या पोटाखाली

कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी घालणं सोडून ती उबवायला बसली, की घरोघरी एकच निदान ठरलेलं: हिच्या अंगात ताप भरलाय. मग तिला बादलीत बुचकळतात, नाहीतर नाकपुड्यांतून पीस आरपार खुपसतात. पीस खुपसणं हा निव्वळ छळ आहे, तो थांबायला हवा. कोंबडी आजारी नसते. नुकतीच अंडी घालू लागलेली तलंगसुद्धा एखाद्या दिवशी खुराड्याच्या कोपऱ्यातून हलेनाशी होते, हात नेला की पिसं फुलवून चोच मारते. तिच्या शरीरात तेव्हा जे चाललेलं असतं, ते फार सुंदर आहे.

तिला अलगद उचलून पोटाखाली बोटं घाला. तिथली पिसं झडलेली असतात, उघडी कातडी चांगलीच गरम लागते. रक्तवाहिन्या फुगल्यामुळे अंड्यांना थेट रक्ताची ऊब मिळते. पण ही कातडी नुसती शेगडी नाही, तिला स्पर्शही उत्तम कळतो. अंडी टेकली की तिथल्या नसा मेंदूला वर्दी देतात. मेंदूतला हायपोथॅलॅमस व्हीआयपी नावाचं पेप्टाइड (प्रथिनासारखा छोटा रेणू) सोडतो आणि त्याच्या इशाऱ्यावर पीयूष ग्रंथी प्रोलॅक्टिन सोडते. सस्तन प्राण्यांत दूध आणतं तेच हे संप्रेरक. कोंबडीत ते बसून राहण्याची ओढ टिकवतं. सोबतच अंडाशयाला चालना देणारं ल्युटिनायझिंग संप्रेरक उतरतं, अंडाशय आक्रसतो आणि अंडी बंद होतात. म्हणजे बसल्याने स्पर्श, स्पर्शाने प्रोलॅक्टिन, प्रोलॅक्टिनमुळे पुन्हा बसणं! १९३५ साली ऑस्कर रिडल आणि सहकाऱ्यांनी नुसतं प्रोलॅक्टिन टोचून अंडी घालत असलेल्या कोंबड्या खुडूक करून दाखवल्या. पुढे टर्कीच्या माद्यांच्या पोटाकडच्या या नसा तोडून पाहिल्या, तर प्रोलॅक्टिन पुरेसं चढलं नाही आणि त्या ठाण मांडून बसल्याही नाहीत.

म्हणून खुडूक मोडायची असेल, तर अंडी काढा आणि तिला तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात उंचावर ठेवा. दाणापाणी भरपूर द्या. पोटाला ऊब नाही, टेकायला काही नाही, की काही दिवसांत प्रोलॅक्टिन उतरतं.

पिल्लं हवी असतील, तर तलंगेला आधी खोटी अंडी देऊन ती टिकून बसते का ते पाहावं. २१ दिवस ती दिवसातून जेमतेम एकदा उठते, घाईघाईत दाणे टिपते, एकच भलीमोठी, उग्र वासाची विष्ठा टाकते आणि परतते. अंडी खराब होऊ नयेत म्हणून त्यांच्यामध्ये खिळा किंवा कोळसा ठेवल्याने काही होत नाही. आठवड्याने अंधारात अंड्यामागे बॅटरी धरा, रक्तवाहिन्यांचं जाळं दिसलं नाही तर ते अंडं बाजूला काढा. अंडं फुकट जाण्याशी अमावस्येचा काही संबंध नाही.

पिल्लं निघाली की प्रोलॅक्टिन झपाट्याने घसरतं, तरी माया आटत नाही. आता पिल्लांचा स्पर्श आणि चिवचिव तिला बांधून ठेवते. म्हणूनच रात्री हळूच पोटाखाली सरकवलेली विकतची पिल्लं, अगदी बदकाचीसुद्धा, ती आपली मानते. २०११ साली ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी पिल्लांवर हवेचा हलका झोत सोडला, तेव्हा नुसतं पाहणाऱ्या आईच्या हृदयाचे ठोके वाढले आणि ती पिल्लांना जास्त साद घालू लागली.

काही आठवड्यांनी पिल्लांना पिसं फुटतात, त्यांना पोटाखालच्या उबेची गरज उरत नाही. आईचं ल्युटिनायझिंग संप्रेरक पुन्हा चढतं, तुरा लाल होतो आणि जवळ येणाऱ्या पिल्लांना चोच मारून हुसकावत ती पुन्हा अंडी घालू लागते.