पंधरा बारचा भोपळा

ठाण्यात राम मारुती रोडला जा नाहीतर एखाद्या मॉलमध्ये, घरगुती एस्प्रेसो मशीनच्या खोक्यावर सगळ्यात ठळक काय छापलेलं असतं? 15 बार. काहींवर तर 20. बार हे दाबाचं माप. विक्रेता वर सांगतो, "जेवढं प्रेशर जास्त, तेवढी कॉफी कडक." दुकानात वाद घालणं बरं दिसत नाही, म्हणून इथे लिहितो.

एस्प्रेसो, म्हणजे गरम पाणी दाबाने पुडीतून ढकलून केलेली कॉफी, होते साधारण 9 बारवर. 15 ही पंपाची कमाल ताकद, आणि तीही पाण्याची वाट पूर्ण बंद असताना. पाणी वाहू लागलं की दाब उतरतो. मुळात पंप फक्त पाणी ढकलतो. कोणी अडवलं तरच दाब तयार होतो. अडवते ती कॉफीची पूड. पूड न घालता मशीन चालवून बघा, पाणी नुसतं गळत राहील.

वाळूतून पाणी कसं झिरपतं, याचा नियम हेन्री दार्सी या फ्रेंच इंजिनियरने 1856 साली मांडला. त्याच्यासमोर दिजाँ शहराचा पाणीपुरवठा होता, पण नियम कॉफीलाही तोच. दाब दुप्पट तर प्रवाह दुप्पट, थर दुप्पट जाड तर प्रवाह निम्मा. दळण्याचं गणित मात्र वर्गाच्या (स्क्वेअरच्या) पटीत चालतं: कण निम्म्या आकाराचे झाले की पाणी झिरपू देण्याची क्षमता चौथाईवर येते. ग्राइंडर जरासा बारीककडे फिरवला तरी शॉट, म्हणजे कपात पडणारी कॉफी, एकदम रेंगाळतो तो यामुळेच. पैसे घालायचेच असतील तर आधी ग्राइंडरवर घाला. मिक्सरमधल्या पुडीत जाड भरड आणि पिठूळ भुकटी एकत्र नांदतात.

आता माझा आवडता भाग. दार्सीचं साधं गणित थर सगळीकडे सारखा आहे असं धरून चालतं, आणि तो तसा कधीच नसतो. कुठेतरी पूड विरळ राहते, तिथून पाणी जास्त जातं, जाताना बारीक कण वाहून नेतं आणि वाट आणखी रुंद होते. बारीक नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतो. त्रिज्या दुप्पट तर प्रवाह सोळापट! बांधाला भगदाड पडावं तसं सगळं पाणी तिकडेच धावतं. त्या वाटेवरची पूड गरजेपेक्षा जास्त पिळून निघते, बाकीची जवळजवळ तशीच राहते, आणि कपात आंबट आणि कडू एकाच वेळी लागतं. 2020 साली 'मॅटर' या नियतकालिकात आलेल्या संशोधनात दिसलं, की एका मर्यादेपलीकडे बारीक दळलं तर कॉफीचा अर्क वाढण्याऐवजी घटतो, कारण प्रवाह असमान होतो.

टॅम्परने, म्हणजे पूड दाबायच्या ठोकळ्याने, जीव खाऊन दाबणाऱ्यांसाठी एक हिशोब. 58 मिलिमीटरच्या बास्केटवर (पूड भरायच्या छिद्रांच्या वाटीवर) 9 बार म्हणजे सुमारे 240 किलोचा भार. त्यापुढे तुमच्या मनगटाचे 15 किलो ते काय! दाबायचं ते थर सपाट व्हावा म्हणून. त्याआधी बारीक सुईने गुठळ्या मोडल्या तर जास्त फायदा. दळताना कण घासून स्थिर विद्युत तयार होते आणि त्यानेही गुठळ्या होतात; बियांवर पाण्याचा एखादा थेंब मारून मग दळलं की ती कमी होते. जुलैतल्या ठाण्याच्या दमट हवेत पूड तशीही कमी उडते.

राहिला फेस, म्हणजे क्रेमा. 'जाड क्रेमा म्हणजे अस्सल कॉफी' हे व्हॉट्सअ‍ॅपी ज्ञान सोडून द्या. भाजताना बियांत साठलेला कार्बन डायऑक्साइड दाबाखाली पाण्यात विरघळतो आणि बाहेर पडताना बुडबुडे होतो, एवढंच. स्वस्त मशीनसोबत बहुधा दुहेरी तळाची बास्केट येते, तळाला सुईएवढं एकच छिद्र. तिथे पाण्याला पूड अडवत नाही, छिद्र अडवतं. चिकोरी घातलेल्या तयार पुडीवरही मग झकास फेस येतो.

एकेरी तळाची बास्केट लावा आणि पुडीच्या दुप्पट वजनाची कॉफी कपात यायला किती सेकंद लागतात ते कप वजनकाट्यावर ठेवून मोजा. 25 ते 30 ठीक. दहा-बारा सेकंदांतच आली तर बारीक दळा. बारीक दळूनही घाईने आली आणि आंबट-कडू लागली, तर भगदाड पडलंय. मग दळण पुन्हा किंचित जाड करा आणि सुई हातात घ्या.