भयपटातील प्रकाशयोजना व दृश्यरचना

प्रेक्षकाला भीती वाटावी म्हणून भयपटात प्रकाश, सावल्या, नेपथ्य आणि पात्रांच्या जागा यांची केलेली आखणी. एरवी चित्रीकरणात 'की लाइट'मुळे, म्हणजे मुख्य दिव्यामुळे, चेहऱ्यावर पडणाऱ्या सावल्या 'फिल लाइट' या पूरक दिव्याने मवाळ करतात. भयपटात फिल लाइट मंद ठेवतात किंवा काढूनच टाकतात. मग अर्धा चेहरा काळोखात जातो, खोलीचे कोपरे दिसेनासे होतात आणि तिथे काय असेल याची कल्पना प्रेक्षक स्वतःच करू लागतो. चेहऱ्यावर खालून प्रकाश टाकण्याची युक्तीही प्रसिद्ध आहे, पण अतिवापराने ती पार बोथट झाली आहे.

या शैलीचा पाया पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत घातला गेला. रोबेर्ट वीन यांच्या 'द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगारी' (१९२०) या मूकपटात भिंती-दारे तिरकी होती आणि कित्येक सावल्या चक्क नेपथ्यावर रंगवलेल्या होत्या. एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांच्या 'नोस्फेराटू'मध्ये (१९२२) पिशाच जिना चढते तेव्हा भिंतीवर फक्त त्याची सावली दिसते. पुढे त्याच्या हाताची सावली नायिकेच्या छातीवर सरकते आणि मूठ आवळते.

झाक तुर्नर यांचा 'कॅट पीपल' (१९४२) बेताच्या खर्चात झाला. छायालेखक होते निकोलस मुसुराका. त्यातला तरणतलावाचा प्रसंग या कलेचा उत्तम नमुना मानावा लागेल. रात्री एकटी स्त्री तलावाच्या मधोमध तरंगते आहे. चारही कडा तिच्या डोक्याच्या वर, त्यामुळे कुठल्याही बाजूने बाहेर पडावे तरी धोका. पाण्यावरून परतलेला उजेड भिंतींवर आणि छतावर सतत हलतो, म्हणून हललेली सावली पाण्याची की श्वापदाची, ते कळत नाही. गुरगुर ऐकू येते, पण श्वापद नीट दिसत नाही.

जॉन कारपेंटर यांच्या 'हॅलोविन'मध्ये (१९७८) दाराआडच्या अंधारातून पांढरा मुखवटा हळूहळू उजळतो. दाराला टेकलेल्या नायिकेला त्याचा पत्ता नसतो, प्रेक्षकाला मात्र तो आधीच दिसतो.

जर्मन छायाप्रकाशाचा धागा मुंबईपर्यंतही पोहोचला. म्युनिकचे योसेफ वीर्शिंग मालाडच्या बॉम्बे टॉकीजचे छायालेखक होते. कमाल अमरोही यांच्या 'महल'चे (१९४९) छायालेखन त्यांचेच. त्यात मधुबाला झोपाळ्यावर क्षणभर दिसते आणि जवळ जावे तो नाहीशी होते. अखेरीस ती माळ्याची मुलगी निघते; तोवर ती भूत की माणूस हा संशय संवादांपेक्षाही वीर्शिंग यांच्या काळोखाने जास्त टिकवून धरला आहे.