महाविद्यालयीन अभ्यासक्रमाची घडण : परीक्षेच्या यादीपासून अध्ययन निष्पत्तीपर्यंत

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत एखाद्या विषयाचा अभ्यासक्रम पाहिला, तर त्याचा साचा बहुधा ठरलेला असतो : काही घटक, प्रत्येक घटकाच्या तासिका, गुणविभागणी, प्रश्नपत्रिकेचे स्वरूप आणि संदर्भग्रंथांची यादी. विद्यार्थ्याला शेवटी काय करता यावे, हे सांगणाऱ्या ओळी, म्हणजेच अध्ययन निष्पत्ती, त्यात अलीकडेच आल्या. हा साचा असा का घडला, याचे उत्तर विद्यापीठाच्या स्थापनेत सापडते.

चार्ल्स वूड यांच्या १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्यानुसार (ब्रिटिश सरकारच्या धोरणपत्रानुसार) १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. शिकवणे हे त्याचे काम नव्हते. एल्फिन्स्टनसारखी महाविद्यालये शिकवीत आणि विद्यापीठ परीक्षा घेऊन पदवी देई. १८६२ साली पदवीधर झालेल्या पहिल्या तुकडीत न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. पुढे कराचीपासून धारवाडपर्यंतची महाविद्यालये या एकाच विद्यापीठाशी संलग्न झाली. विद्यार्थ्याला कधीही न भेटलेल्या परीक्षकाने प्रश्न काढायचे आणि सर्वांना एकाच मापाने मोजायचे, तर काय विचारता येईल याची सीमा आखून देणे अपरिहार्य होते. अभ्यासक्रम म्हणजे ही सीमा, असा अर्थ त्यामुळे रूढ झाला आणि तो आजही पुरता गेलेला नाही. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना अध्यापनाची वाट मोकळी करून दिली व १९१९ मध्ये स्कॉटिश समाजशास्त्रज्ञ पॅट्रिक गेडिस यांच्याकडे मुंबईच्या समाजशास्त्र विभागाची धुरा आली. पदवीच्या वर्गांतील परिस्थिती मात्र फारशी बदलली नाही.

याच काळातला एक वेगळा प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू करताना, शिकणारी कोण आहे आणि तिच्या आयुष्याला कोणते ज्ञान लागेल, हा प्रश्न आधी विचारला. त्यातून मातृभाषेचे माध्यम, इंग्रजी हा एक विषय आणि आरोग्यशास्त्र व गृहशास्त्र यांना पदवी शिक्षणात स्थान, अशी रचना उभी राहिली. स्त्रीच्या वाट्याला घरच येणार, हे त्यामागचे गृहीतक आज मान्य होणार नाही. पण शिकणाऱ्यापासून आरंभ करण्याची त्यांची पद्धत अभ्यासक्रम-रचनेच्या दृष्टीने काळाच्या पुढची होती.

राधाकृष्णन आयोगाने १९४९ मध्ये स्पष्ट केले की, विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाल्यास ती परीक्षापद्धतीची असावी. त्याच वर्षी अमेरिकेत शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी उद्दिष्ट, अध्ययन-अनुभव, त्यांची मांडणी आणि मूल्यमापन असा अभ्यासक्रम-रचनेचा क्रम मांडला. १९५६ मध्ये बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी स्मरणापासून मूल्यमापनापर्यंतच्या बौद्धिक पातळ्यांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७३ च्या परीक्षा सुधारणा आराखड्यात सत्रपद्धती, अंतर्गत मूल्यमापन आणि श्रेणी यांचा पुरस्कार केला. बहुतेक ठिकाणी त्यातले सत्र स्वीकारले गेले, पण वर्षाचा जुना मजकूर दोन भागांत तोडण्यापलीकडे फार काही घडले नाही.

२०१५ च्या निवडाधारित श्रेयांक पद्धतीमुळे (विषय निवडण्याची मुभा आणि अभ्यासाचे माप म्हणून श्रेयांक, म्हणजे क्रेडिट) आणि त्यानंतरच्या अध्ययन निष्पत्तीवर आधारलेल्या आराखड्यांमुळे शब्दावली बदलली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या चौकटीत तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० आणि चार वर्षांसाठी १६० श्रेयांक ठरले. एका श्रेयांकाला सत्रात १५ तास व्याख्यान किंवा ३० तास प्रात्यक्षिक. तासांचा हा हिशेब उपयुक्त आहे, कारण पंधरा तासांत न मावणारा मजकूर एका श्रेयांकात कोंबणे आता उघड दिसते. परंतु घटक आधी ठरवून निष्पत्ती नंतर चिकटवल्या, तर ‘विद्यार्थ्यांना विषयाची ओळख होईल’ अशी वाक्ये तयार होतात, आणि ती कोणत्याही प्रश्नाने तपासता येत नाहीत. दिलेल्या ताळेबंदावरून संस्थेची आर्थिक स्थिती सांगता येणे, किंवा न वाचलेल्या कवितेचे स्वतः विवेचन करता येणे, अशी निष्पत्ती लिहिली की वर्गातले काम आणि प्रश्नपत्रिका दोन्ही तिच्यामागून ठरतात.

स्वायत्त महाविद्यालयांना स्वतःचे अभ्यास मंडळ असल्याने तिथे निष्पत्ती आधी ठरवण्याचा हा क्रम पाळणे तुलनेने सोपे आहे. संलग्न महाविद्यालयांत मसुदा विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडून विद्या परिषदेपर्यंत जातो आणि शिकवणाऱ्या बहुसंख्य प्राध्यापकांपर्यंत तो मंजूर झाल्यावरच पोहोचतो. त्यांच्या हाती उरते ते सत्राचे अध्यापन नियोजन आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुण.